सात नंबरचं रक्त

माझी ताई मला दगड म्हणते. लाडात असली तर दगड्या. हे नाव मी मेहनतीने कमावलं आहे. एकोणीस वर्षं मी तिच्या पोल्ट्रीत लस टोचतो, आणि एवढ्या वर्षांत कुठल्याही कोंबडीची मी विचारपूस केलेली नाही. कोंबडी उचलायची, मानेमागचं कातडं चिमटीत धरायचं, सुई घालायची, अर्धा मिली आत, कोंबडी खाली, पुढची. दिवसाला अडीचशे. मधे कुणी "बिचारी" वगैरे म्हणालं तर मी त्याला बाहेर घालवतो.

मला चीड येते ती विषाणूंची. त्यांची यादी मला झोपेतही म्हणता येते. मानमोडीत कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते आणि ती गोल गोल फिरून पडते. देवीत तुऱ्यावर फोड येतात. मरेकमध्ये एक तंगडी पुढे आणि एक मागे पसरून कोंबडी बसते, ती पुन्हा उठत नाही. गंबोरो तर पिल्लांची प्रतिकारशक्तीच पोखरून ठेवतो, मग पुढे कुणीही यावं आणि टपली मारून जावं. आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे बर्ड फ्लू. तो आला की लक्षणं बघत बसायला वेळच मिळत नाही. सकाळी शेड भरलेली असते, दोन दिवसांनी तिथे नुसती पिसं. बरं, भांडायचं म्हटलं तर समोर कुणी दिसत नाही. शिवी द्यायची तरी कुणाच्या तोंडावर?

आमच्या शेडमध्ये चार हजार कोंबड्या आहेत. त्या सगळ्यांना मी बर्ड फ्लूची लस देतो. फक्त वीस जणींना द्यायची नाही. त्यांच्या पायात लाल कडी, कडीवर एक ते वीस आकडे. यांना पहारेकरी म्हणतात. लस घेतलेल्या कोंबड्यांमध्ये विषाणू गुपचूप शिरला तर त्या उभ्याच राहतात, कुणाला पत्ता लागत नाही. बिनलशीची मात्र पहिली आडवी पडते. ती पडली की आपण समजायचं. शिवाय दर महिन्याला सरकारी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई येऊन त्या वीस जणींचं रक्त नेतात. त्यात रोगाशी लढल्याची खूण सापडता कामा नये. सापडली, तर विषाणू येऊन गेला असा अर्थ, आणि मग अख्खी शेड मारून पुरायची. नियम साधा आहे. पहारेकऱ्याचं काम एकच, सगळ्यांच्या आधी मरायचं.

ताईचे नियम याहून कडक. शेडमध्ये जायचं तर आधी आंघोळ, मग निळा गाऊन, मग गमबूट, मग बूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत. घरी साधा पोपटही पाळायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे कोंबडीला नाव ठेवायचं नाही. "नाव ठेवलं की माया लागते, आणि माया लागली की काम बिघडतं," असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनावते. हे बोलताना ती माझ्याकडे बोट दाखवते. "याच्यासारखं व्हायचं. दगड." मी मान ताठ करून उभा राहतो.

आता सात नंबरबद्दल सांगतो.

सात नंबरच्या तुऱ्याचं एक टोक तुटलेलं होतं. शेडचं दार उघडलं की बाकीच्या कोंबड्या मागे सरायच्या आणि ही एकटी पुढे यायची. येऊन माझ्या गाऊनची नाडी चोचीत धरायची आणि ओढायची. गाठ सुटेपर्यंत सोडायची नाही. दोन्ही हातांत कोंबडी आणि सिरिंज असताना तुमचा गाऊन खाली घसरू लागला, तर तुमच्या अधिकाराचं काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. मी तिला मनातल्या मनात हवालदार म्हणायला लागलो. मनातल्या मनात म्हटलेलं नाव धरत नाहीत, अशी माझी समजूत होती.

त्या महिन्यात शेडला लशीचा दुसरा डोस चालला होता. रोज अडीचशे म्हटलं तरी पंधरा-सोळा दिवसांचं काम. त्यातच नदीपलीकडच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आली. रानबदकं दोन्ही काठांना उतरतात, त्यांना कुठे आमचे नियम माहीत! ताईने बुटांच्या पाण्यात औषध दुप्पट केलं, दारावर दुसरी जाळी ठोकली आणि मला दम भरला, "पहारेकऱ्यांना चुकूनसुद्धा सुई लागली ना, तर हात मोडून ठेवीन."

दोन तारखेला दुपारी त्या दिवसाचं काम संपलं तेव्हा बाटलीत थोडी लस उरली होती. एक डोस असेल. मी ती फेकायला निघालो आणि नाडी ओढली गेली. खाली बघितलं. तुटका तुरा, लाल कडी. नदीपलीकडून जे येईल ते सगळ्यात आधी हिच्याकडे येणार होतं, आणि ही तर दारातच उभी राहते. सगळ्यांच्या आधी.

मी इकडे तिकडे बघितलं. शेडमध्ये कुणी नव्हतं. पाच सेकंदांचं काम. नंतर मी हात धुतले, ताईने दिलेला चहा घेतला, आणि चहा पिताना माझे कान इतके तापले की ताईने ताप आहे का विचारलं.

तीस तारखेला डॉक्टरीणबाईंनी रक्त नेलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या. एरवी अहवाल फोनवर येतो. ताईच्या ऑफिसमध्ये, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या चळतींमध्ये, आम्ही चौघं जमलो. ताई खुर्चीत. तिच्या शेजारी भावजी, म्हणजे ताईचे यजमान. हे पोल्ट्रीचं रजिस्टर लिहितात. कोंबड्यांना घाबरतात, पिसांनी शिंकतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्यांनी शेड फक्त खिडकीतून पाहिली आहे. मी दाराशी उभा.

"सात नंबरच्या रक्तात खूण सापडली आहे," बाई म्हणाल्या.

ताईचा चेहरा पांढरा पडला. भावजी शिंकले.

"नुसती सापडली असती तर एक वेळ समजलं असतं," बाई पुढे म्हणाल्या. "लस घेतलेल्या कोंबडीत या खुणेचा आकडा सहा असतो, फार तर आठ. पहारेकऱ्यांमध्ये शून्य. सात नंबरचा बारा आहे. बारा मी नोकरीत कधी बघितला नाही. तीनदा तपासलं. बाकीच्या एकोणीस जणींचा चोख शून्य."

"म्हणजे चूक झाली असेल," मी म्हणालो. "तुमच्याकडे बाटल्यांची अदलाबदल..."

"झालेली नाही."

"कडी बदलली असेल एखादीची."

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

"घशातला नमुनाही तपासला," बाई म्हणाल्या. "त्यात विषाणू नाही. पण त्याने फक्त आज नाही एवढंच कळतं. रक्त म्हणतंय की येऊन गेला. आता मला सांगा, बर्ड फ्लूला इतके संस्कार असतात का, की एकीलाच गाठावं आणि शेजारणींची माफी मागून निघून जावं? काहीतरी कुणीतरी लपवतंय. उद्या दुपारी बारापर्यंत कारण सापडलं नाही, तर मला शेड रिकामी करण्याच्या आदेशावर सही करावी लागेल. चार हजारच्या चार हजार. माझा नाइलाज आहे."

ऑफिसच्या खिडकीतून शेड दिसते. आत नेहमीचा कलकल आवाज चालू होता. कुणी तरी अंडं घालून गावभर सांगत होतं. ताई खिडकीकडे बघत होती. ही पोल्ट्री तिने दीडशे पिल्लांवर सुरू केली तेव्हा मी तिच्याकडे राहून शाळेत जात होतो. माझी फी अंड्यांतून निघाली. हे मी कधी बोलून दाखवलेलं नाही, कारण दगड असं बोलत नसतात.

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो की चार हजार कोंबड्या वाचणार होत्या. आणि तरी मी अंड्यांचे रिकामे ट्रे मोजत उभा राहिलो. नोकरी जाईल याची भीती होती असं म्हटलं तर ते शोभून दिसेल, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. माया लागली हे चारचौघांत कबूल करायचं, तेही कोंबडीची!

"मी दिली," मी म्हणालो.

"काय दिली?" ताई म्हणाली.

"लस. सात नंबरला. दोन तारखेला. उरली होती बाटलीत."

मी डोळे मिटून हात पुढे केला, तिला मोडायचा तर मोडू दे म्हणून. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ताई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. तिला राग आला की तिच्या नाकपुड्या फुगतात. त्या फुगल्या नव्हत्या.

"दोन तारखेला?" ती म्हणाली.

"हो."

"मग नऊ तारखेला मी कशाला दिली?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"अगं ताई, तू?" मी ओरडलोच. "हात मोडणार होतीस ना माझा?"

"म्हणून तर तुला सांगितलं नाही," ताई म्हणाली आणि पदराने कपाळ पुसायला लागली. "सकाळी अंडी गोळा करायला गेले की येऊन माझ्या पायावर बसायची मेली. उठायचीच नाही. बायो, बाजूला हो म्हटलं तरी नाही. नदीपलीकडचं ऐकल्यावर माझा धीरच झाला नाही रे."

"बायो?" मी म्हणालो. "नाव ठेवलंस?"

"तू काय म्हणत होतास?"

मी खाली बघितलं. "हवालदार."

"आकडा नऊ," डॉक्टरीणबाई कागदावर पेन्सिलने काहीतरी लिहीत म्हणाल्या. "दोन डोसांनी फार तर नऊ होईल, ताणून दहा. बारा होत नाही. अजून कुणी?"

त्यांनी हे टोमण्यात म्हटलं होतं. पण भावजींनी पेनचं टोपण लावलं, पेन रजिस्टरवर आडवं ठेवलं आणि चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारखे ते खुर्चीच्या काठावर सरकले.

"सोळा तारखेला," ते म्हणाले. "दुपारी. तुम्ही सगळे जेवायला बसला होतात."

"अहो, तुम्ही शेडमध्ये गेलात?" लस दिल्यापेक्षा ताईला याचंच जास्त आश्चर्य वाटलं. "एकटे?"

"गेलो. शिंका आल्या अकरा. पहिला डोस हवेत उडाला, कारण मी डोळे मिटले होते. दुसरा लागला. तंगडीला लागला, पण लागला." भावजींच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "रोज खिडकीखाली येऊन बघत बसायच्या. मी लिहीत असतो तेव्हा दुसरं कोण बघतं माझ्याकडे? मॅडम म्हणायचो मी त्यांना."

"त्यांना!" मी म्हणालो.

"भीती वाटते हो मला त्यांची."

डॉक्टरीणबाई आधी खोकल्या, मग त्यांनी फाइल तोंडासमोर धरली, आणि फाइल बराच वेळ हलत राहिली. फाइल खाली आली तेव्हा मात्र चेहरा कोरडा होता.

"हसण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "पहारेकऱ्याला निकामी करून ठेवलंत तुम्ही. तिघांनी. उद्या खरंच विषाणू आला असता आणि बाकीच्यांनाही अशीच माया लावून ठेवली असती, तर इथून गाड्या भरून अंडी गेली असती, आणि त्यांच्याबरोबर विषाणूही गेला असता. गावोगाव. तिथल्या कोंबड्यांना कोण हवालदार म्हणणार होतं?"

मी एकोणीस वर्षं विषाणूंना शिव्या देत आलो, आणि त्यांच्यासाठी दार मात्र मीच उघडं टाकलं होतं. फार खजील वाटलं मला.

"फ्रीजची किल्ली द्या," बाई म्हणाल्या. ताईने लशीच्या फ्रीजची किल्ली कमरेची काढून दिली. "आता सात नंबर. रक्तात खूण सापडलेला पहारेकरी कापून आतले अवयव तपासायचे, असा नियम आहे."

ताई चटकन उठली आणि परत बसली. भावजी शिंकले नाहीत, पण त्यांनी रुमाल काढला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण कालपर्यंत मीच लोकांना "बिचारी म्हणू नका" म्हणून बाहेर घालवत होतो.

बाई उठून अंगणात गेल्या आणि वरिष्ठांशी फोनवर बोलत राहिल्या. त्या येरझाऱ्या घालत होत्या आणि आम्ही तिघं खिडकीतून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. परत आल्या तेव्हा घाम पुसत होत्या.

"तुमची कबुली खरी आहे याला पुरावा काय, असं साहेब विचारतात. शेड वाचवायला कुणीही म्हणेल मी लस दिली. पुरावा एकच. लशीने चढलेला आकडा हळूहळू उतरतो. विषाणू फिरत असेल तर उतरणार नाही, आणि बाकीच्या एकोणीस जणींमध्येही चढेल. दर पंधरा दिवसांनी रक्त घ्यायचं, आठ आठवडे. तोवर फाटक बंद, एक अंडंसुद्धा बाहेर जायचं नाही. आणि..." त्या थांबल्या. "आकडा उतरताना बघायचा तर कोंबडी जिवंत लागते. ती मधेच मेली तर पुरावा गेला, शेडही गेली."

म्हणजे आधी मरायचं जिचं काम होतं, तिला आता काही झालं तरी जगायचं होतं.

ते आठ आठवडे मी विसरणार नाही. रोज हजारो अंडी खड्ड्यात पुरायची, आणि ताई प्रत्येक ट्रे स्वतः ओतायची. त्यानंतर सरळ सात नंबरकडे. काल जी चोरून केली ती माया आता सरकारी काम झाली होती, आणि आम्ही ती तिला अगदी कंटाळा येईपर्यंत केली. ताईने तिच्यासाठी वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावलं. मी सगळ्या जाळ्या तपासून मांजर शिरेल अशी भोकं बुजवली, मग उंदीर शिरेल अशी, मग मुंगी शिरेल अशी. भावजी तोंडावर दोन मास्क चढवून शेडमध्ये स्टुलावर बसायला लागले. रजिस्टरमध्ये त्यांनी नवं पान काढलं होतं. त्यात मॅडम किती वाजता दाणे खातात, किती वाजता पाणी पितात आणि कितीदा त्यांच्याकडे रागाने बघतात, याच्या नोंदी होत्या.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझी नाडी ओढली आणि या वेळी तोडून गिळली. चांगली वीतभर. ताई माझ्यावर अशी तुटून पडली की शेडमधल्या चार हजार कोंबड्या गप्प झाल्या. "चार हजार जीव तुझ्या नाडीला टांगलेत, आणि तुला साधी गाठ आत खोचता येत नाही?" बाईंना फोन गेला. त्या म्हणाल्या, वाट बघा. आम्ही तिघं उकिडवे बसून वाट बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकरा वाजता नाडी ज्या वाटेने यायची त्या वाटेने बाहेर आली. भावजींनी वेळ लिहिली, लांबी मोजून लिहिली, आणि आनंदाने शिंकले.

आकडा उतरत होता. बारा, मग अकरा, मग दहा. बाकीच्या एकोणीस जणी शून्य. दर वेळी बाईंचा फोन आला की आम्ही उड्या मारायचो. एकदा उडी मारून खाली आल्यावर ताई म्हणाली, "पण दगड्या, आकडा उतरला म्हणजे तिचं कवचच उतरलं की रे." त्यानंतर आम्ही उड्या जरा बेतानेच मारल्या.

आठव्या आठवड्यात आकडा नऊ झाला. डॉक्टरीणबाई आल्या, आंघोळ करून, गाऊन घालून आमच्याबरोबर शेडमध्ये आल्या, आणि फाटक उघडायच्या कागदावर त्यांनी तिथेच, भावजींच्या स्टुलावर कागद ठेवून, सही केली. ताईने सहीकडे बघितलं आणि हुंदका दिला. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं. दगडाचं काय व्हायचं ते झालं.

मग बाईंनी कात्रीने सात नंबरच्या पायातली लाल कडी कापली. "ही आता पहारेकरी नाही," त्या म्हणाल्या. "साधी कोंबडी. आणि साध्या कोंबड्यांचा पुढचा डोस याच आठवड्यात आहे, नाही का?"

त्यांनी खिशातून फ्रीजची किल्ली काढली आणि स्टुलावर ठेवली. आम्ही तिघंही एकदम पुढे सरकलो.

"एकदाच," बाई म्हणाल्या. "आणि एकानेच."

ताईने माझ्याकडे बघितलं. "तू दे. तुझा हात हलका आहे."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी कोंबडीला आधी 'दुखणार नाही' म्हणून सांगितलं. मानेमागचं कातडं चिमटीत, अर्धा मिली आत. तिने मान वळवून माझ्याकडे तुच्छतेने बघितलं आणि गर्दीत निघून गेली. भावजींनी रजिस्टर उघडलं. "नाव काय लिहू? आता नंबर तर राहिला नाही." यावर आम्हा बहीण-भावांचं भांडण जुंपलं, आणि भावजी मधेच "मॅडम, मॅडम" म्हणत राहिले.

तेवढ्यात माझा गाऊन सैल झाल्यासारखा वाटला.

मी खाली बघितलं. चोचीत नाडी होती. तुरा अख्खा होता. पायात लाल कडी, तिच्यावर तेरा नंबर. ती गाठ सुटेपर्यंत ओढत राहिली, आणि सुटल्यावर मान वाकडी करून वर बघायला लागली.

भांडण थांबलं. ताई तिच्याकडे बघत होती, भावजी बघत होते, मी बघत होतो. नदीपलीकडे रानबदकं ओरडत होती.

डॉक्टरीणबाईंनी आमच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. मग त्यांनी स्टुलावरची किल्ली उचलली आणि परत खिशात टाकली.